सकाळच्या पारी मासळीचा रस्सा

नागपूरच्या माणसाला सकाळच्या नाश्त्याचे विचारले की तो डोळे मिटून सांगतो, तर्री-पोहे. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वरून कांदा, एखादवेळ चिवडा, आणि मागून कटिंग चहा. आपल्या वाडीतही अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना सकाळी सहापासून पोह्यांच्या गाड्या लागतात. गोदामातले हमाल, एम.आय.डी.सी.कडे निघालेल्या बायका, आयुध निर्माणीचे कामगार, सारे तेच खाऊन कामावर जातात. त्यात वाईट काही नाही. पण दोन तासांत पुन्हा पोट मागायला लागते, हा सर्वांचा अनुभव आहे.

अशा या वाडीत गेल्या हिवाळ्यापासून एका छोट्या खानावळीत सकाळी साडेसहाला मासळीचा रस्सा मिळू लागला. वाटीभर गरम रस्सा आणि सोबत तांदळाची भाकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा अनेकांनी नाक मुरडले. "सकाळी सकाळी मासोळी? राम राम!" असे म्हणणाऱ्यांत आपलेही काही लोक होते, हे विशेष. रात्री सुकट खाल्ली तर चालते, सकाळी का चालू नये, याचे उत्तर मात्र कुणी देईना.

खानावळ म्हणजे काय, एक गाळा, दोन बाकडी, बाहेर ताडपत्री. चालवणारे नवरा-बायको ढिवर समाजाचे, पवनीकडचे. वैनगंगेच्या काठची माणसे, तेव्हा मासळी त्यांच्या हाताला माहीत. (पवनी आपल्या वाचकांना दुसऱ्या कारणासाठीही ठाऊक असेल. १९६९-७० मध्ये तेथील जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. ज्यांनी अजून पाहिले नसेल त्यांनी मुलांना घेऊन एकदा जाऊन यावे.) हाताखाली आपल्याच वस्तीतली एक बाई आहे. तीच मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही खाऊन तं पहा. नाही आवडलं तं पैसे नोका देऊ."

मी खाल्ला. रस्सा पातळ, पण पाण्यासारखा नाही. रंग तर्रीसारखा लाल नव्हे, हळदीकडे झुकणारा. पहिल्या घोटाला लसूण आणि चिंच लागते, मग सुकटीची ती ओळखीची चव, आणि शेवटी घशात मिरचीची ऊब. वाटीत माशाच्या डोक्याचा एक तुकडा असतो. त्यातले मऊ मांस बोटाने काढून खायचे, काटे बाजूला ठेवायचे. ज्यांना काट्यांचा कंटाळा त्यांना ती बाई नुसता गाळीव रस्सा देते. डिसेंबरच्या थंडीत, अंगात स्वेटर आणि हातात ती वाटी, दुपारी एकपर्यंत मला जेवणाची आठवण झाली नाही.

करण्याची रीत मी विचारून घेतली, कारण वाचक-भगिनी ती मागणारच. रोहू-कतल्याची डोकी आदल्या संध्याकाळी आणायची. कल्ले काढून टाकायचे, कारण रस्सा कडू होतो तो त्यांच्यामुळेच. डोकी हळद-मीठ लावून ठेवायची. पहाटे चारला मोठ्या गंजात पाणी, ठेचलेले आले-लसूण आणि डोकी घालून मंद आचेवर तासभर उकळू द्यायची. दुसरीकडे जवळा, म्हणजे समुद्रातली ती बारीक सुकी झिंगी, निवडून कोरड्या तव्यावर खमंग भाजायची, कोमट पाण्यात दोनदा धुवायची म्हणजे रेती खाली बसते, आणि मग पाट्यावर भरड वाटायची. कांदा तेलात लाल करून त्यात टमाटे, हिरवी मिरची, वाटलेला जवळा परतायचा. हे सारे गंजात ओतायचे. शेवटी चिंचेचे पाणी, आणि भाजलेले तांदळाचे पीठ थोड्या पाण्यात कालवून लावायचे, त्याने रस्सा मिळून येतो. वरून भरपूर सांबार. गरम मसाला नाही, खोबरे नाही. सावजीचा काळा मसाला तर अजिबात नाही. "त्यानं मासोळीची चव मरते," असे ती बाई म्हणाली. सावजीवाले रागावतील, पण मला तिचे पटले.

आता ही काही जगावेगळी गोष्ट आहे असे कुणी समजू नये. ब्रह्मदेशात, ज्याला आता म्यानमार म्हणतात, तिथे सकाळचा नाश्ताच मुळी मासळीच्या रश्श्याचा असतो. त्याला मोहिंगा म्हणतात. मागूर जातीचा मासा शिजवून, त्यात लसूण, आले, कांदा, गवती चहा आणि केळीच्या खांबाचा गाभा घालतात. घट्टपणासाठी चण्याचे किंवा भाजलेल्या तांदळाचे पीठ लावतात, आणि तांदळाच्या शेवयांवर तो रस्सा ओततात. वर उकडलेले अंडे, डाळीचे कुरकुरीत वडे, लिंबू. रंगूनच्या रस्त्यांवर तो सकाळी हातगाड्यांवर मिळतो, जसे आपल्याकडे पोहे. मजूर खातो, मास्तर खातो, साहेब खातो. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब ज्या रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेसाठी गेले, ते हे शहर. आमच्या वाडीतल्या बाईने म्यानमारचे नावही ऐकले नसेल, पण रश्श्याला तांदळाचे पीठ लावायचे तिला तिच्या आईने शिकवले आणि तिकडच्या बायांना त्यांच्या आईने. नदी आणि भात जिथे आहे तिथे माणसाची बुद्धी सारखीच चालते, असे दिसते.

श्रीलंकेतही सणाच्या सकाळी नारळाच्या दुधात शिजवलेला किरिबात खातात, त्याच्यासोबतच्या तिखट चटणीत वाळवलेला मासा कुटून घालतात. जपानात सकाळच्या सूपचे पाणीच सुक्या माशाच्या कातरणाचे असते. केरळात पुट्ट्यासोबत मासळीचे कालवण चालते. बंगाली माणूस पांताभातासोबत, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेल्या भातासोबत, तळलेला मासा खातो. आपल्या कोकणातल्या कोळ्यांना तर सकाळ-संध्याकाळ असा भेदच नाही. वाडीच्या त्या खानावळीत पहिले गिऱ्हाईक कोण मिळाले? आंध्र, ओडिशा आणि बंगालकडचे ट्रक-ड्रायव्हर. रात्रभर गाडी हाकून ट्रान्सपोर्टच्या आवारात उतरलेला माणूस मासळीचा वास ओळखून आपण होऊन आत आला. त्याला कुणी बोलवावे लागले नाही.

मग आपल्याला संकोच कशाचा? इथे जरा थांबून बोलले पाहिजे.

सुकटीचा वास हा आपल्या लोकांना फार दिवस चिकटवला गेला. बोंबील, सुकट, जवळा ही गरिबाची खाद्ये. स्वस्त, महिनोन्‌महिने टिकणारी, चिमूटभरात भाकरीला चव आणणारी. आठवड्याच्या बाजारातून आजीने आणलेली सुकटीची पुडी ज्यांच्या घरात नव्हती असे आपल्यात थोडे. आणि तोच वास शाळेत, चाळीत, भाड्याच्या खोलीत आपली ओळख सांगायचा. "तुमच्याकडे काय शिजते?" हा प्रश्न खोली भाड्याने देताना विचारला जातो तेव्हा त्याचा खरा अर्थ काय, हे वाचकांना मी सांगायला नको. जात विचारता येत नाही, म्हणून भाजी विचारतात. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांतले जेवण सविस्तर लिहून काढले. अशा लिखाणाला इतका उशीर का झाला, याचे कारणही हा संकोचच असावा.

खेदाची गोष्ट ही की, शिकल्या-सवरल्यावर हा संकोच आपण स्वतःच घरात आणतो. क्वार्टर मिळाले, फ्लॅट झाला की पहिली सुकट बंद. सून म्हणते वास येतो, मुलगा म्हणतो मित्र येणार आहेत. हॉटेलात जाऊन अडीचशे रुपयांचे ‘प्रॉन्स सूप’ मात्र चालते. झिंगा तोच! एकाला इंग्रजी नाव मिळाले एवढाच फरक. मी नोकरीतल्या एका सहकाऱ्याला हे बोलून दाखवले तर तो हसला आणि विषय बदलला.

काही उपासक-उपासिका विचारतात की बौद्ध माणसाने मासळी खावी का. ज्यांना खायची नाही त्यांनी खुशाल खाऊ नये. पौर्णिमा-अष्टमीला, वर्षावासात कित्येक घरे पाळतात, त्यांचा मान ठेवावा. पण खाणारा तेवढ्याने अपवित्र होतो, असे म्हणायला आधार नाही. देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे अशी मागणी केली होती, ती भगवंतांनी मान्य केली नाही. आपल्यासाठी मारलेले पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली तर भिक्खूने घेऊ नये, एवढीच अट ठेवली. आणि सुत्तनिपातात एक सुत्त तर नेमके वासाविषयीच आहे, आमगंध सुत्त. मांस-मच्छीची दुर्गंधी कशाला म्हणावी, अशी चर्चा त्यात आहे. चोरी, खोटेपणा, हिंसा, परस्त्रीगमन, निंदा यांना तिथे दुर्गंधी म्हटले आहे, अन्नाला नाही. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हा उपदेश घेतला आहे. विहारात या सुत्ताचे वाचन व्हावे असे मला वाटते, निदान भाडेकरू शोधणाऱ्या आपल्याच घरमालकांसाठी.

आता हिशेब. मी बी.कॉम. माणूस, आकडे लिहिल्याशिवाय समाधान होत नाही. एका सकाळचा हिशेब त्या जोडप्यासोबत बसून मांडला. पाच किलो डोकी ३०० रुपये, अर्धा किलो जवळा १५०, कांदा-टमाटे-लसूण-मिरची-सांबार १८०, तेल ७५, गॅस १५०, पाच किलो तांदळाचे पीठ २५०, किरकोळ ३५, मदतनीस बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी २००, गाळ्याचे भाडे दिवसाला १५०. एकूण १४९० रुपये. साठ वाट्या, भाकरीसह ४० रुपयांप्रमाणे, २४०० रुपये. उरले ९१०. त्या माणसाला वाटले, रोजचा नफा ९१० रुपये. मी म्हटले, दादा, नफा नव्हे. तुम्ही दोघे पहाटे चारपासून अकरापर्यंत राबता, ती तुमची मजुरी. दोघांची मजुरी वजा केली की नफा म्हणावा असे फार काही उरत नाही. यावर बाई म्हणाली, "मजुरी आपलीच आपल्याले कोण देते जी?" हा प्रश्न अर्थशास्त्राच्या मोठ्या मोठ्या पुस्तकांतलाही आहे.

खाणाऱ्याच्या बाजूनेही हिशेब करू. अर्धा किलो जवळा साठ वाट्यांत गेला, म्हणजे वाटीला आठ ग्रॅमच्या आसपास. सुक्या झिंग्यात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात, म्हणजे वाटीत पाच ग्रॅम. डोक्याचे मांस धरले तर एका अंड्याइतकी भर सहज पडते. शिवाय जवळा सालीसकट खाल्ला जातो, त्यामुळे चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर. सारा प्रश्न याने सुटतो असा दावा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यासाठी पालेभाजी, गूळ-शेंगदाणे आणि दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या लागतातच. पण नुसत्या चहा-टोस्टवर कारखान्यात आठ तास उभी राहणारी आपली लेक रक्त कुठून आणणार? शाळेतल्या मुलांना आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये केला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे देणे थांबवले. म्हणजे पोरांच्या ताटाची काळजी पुन्हा आईकडेच आली.

आणि आता मूळ गोष्ट, जिच्यासाठी यावेळचे सदर याच विषयावर लिहावे लागले. मार्च महिन्यात त्या जोडप्याला गाळामालकाने निरोप दिला की मासळी बंद करा, नाहीतर महिनाअखेर गाळा खाली करा. वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू आले, त्यांची वासाची तक्रार. बाई रडत आमच्या मदतनीस भगिनीकडे आली, ती आमच्याकडे. आम्ही चौघे मालकाला भेटायला गेलो.

काही तरुण कार्यकर्ते मोर्चा काढू म्हणत होते. त्यांचा राग मला समजतो. पण आधी मी तक्रार नीट ऐकून घ्या म्हटले, आणि ऐकल्यावर दिसले की ती दोन तक्रारींची एक झाली आहे. पहिली खरी होती. खवले आणि धुण्याचे पाणी मागच्या उघड्या नालीत जात होते, तिथे कुत्री जमत, माशा होत. वरच्या घरात लहान बाळ होते. हे कुणाच्याही दारात होऊ नये. दुसरी तक्रार मात्र शिजण्याच्या वासाची होती, आणि तिला माझ्याजवळ उत्तर एकच होते की शेजारच्या गाळ्यात रोज कढईभर लसूण-मिरचीची फोडणी पडते, तिचा ठसका रस्ताभर जातो, त्याची तक्रार आजवर आली नाही. मालक गप्प बसला. तो वाईट माणूस नव्हे. भाडे जाईल आणि बाजूचा भाडेकरूही जाईल, या दोन भीतींमध्ये तो अडकला होता.

तोडगा असा निघाला. डोकी आता बाजारातूनच साफ करून आणायची. नालीच्या तोंडाला जाळी, कचऱ्याला झाकणाचा ड्रम, आणि तो रोज घंटागाडीत. पहाटेची उकळ मागच्या अंगणात, पत्र्याखाली. अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी केली आणि तिचा कागद भिंतीवर लावला. हा कागद लावल्यापासून बोलणाऱ्यांचा सूर बदलला. गाळा सध्या अकरा महिन्यांच्या करारावर टिकला आहे. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ अजून बोलत नाहीत. त्यांची म्हातारी आई मात्र एकदा खाली येऊन चिंच किती घालता म्हणून विचारून गेली, असे कळते.

नालीवरून आठवले. वाडीजवळच लाव्याच्या टेकड्यांत नाग नदी उगम पावते. पुढे अंबाझरी, मग सारे नागपूर, आणि शहराचे सांडपाणी पोटात घेऊन ती कन्हानला, कन्हान वैनगंगेला मिळते. २२ एप्रिल १९८८ रोजी ज्याची पायाभरणी झाली त्या गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात ते पाणी जाऊन थांबते. त्याच पाण्यावर पवनी परिसरातले ढिवर जाळे टाकतात. म्हणजे आपण इथे वाडीत काय सोडतो ते त्या बाईच्या माहेरच्या माशाच्या पोटात जाते. वरच्या मजल्यावरच्या नालीची तक्रार एका दिवसात मालकापर्यंत पोचली, या नालीची तक्रार घेऊन ढिवरांनी कुठे जावे? नाग नदीच्या सफाईच्या योजना कागदावर येत असतात. भंडारा-गोंदियाकडचे माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक ‘मामा तलाव’ म्हणतात, तेही गाळाने भरत चालले आहेत, आणि आपल्या बाजारात रोहू-कतला बर्फात घालून आंध्रातून येतो. या विषयावर पुढे कधीतरी स्वतंत्र लिहीन, तो एवढ्यात आटपणारा नाही.

सुकी मासळी घरी भरायची असेल त्यांच्यासाठी थोडे. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसाळ्यात भाव चढतो. एप्रिल-मेमध्येच घ्यावी. जवळा हातात घेऊन चोळावा. कोरडा, गुलाबीसर आणि मोकळा असेल तर चांगला. चिकटला किंवा पिवळा पडला असेल तर तो दुकानदारालाच राहू द्यावा. बोंबील वाकवला की मोडला पाहिजे. घरी आणल्यावर एक दिवस कडक उन्हात घालून, गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी खारवलेली मासळी टाळावी. जवळा आणि बोंबील बहुधा मिठाशिवायच वाळवतात, तरी घेताना जिभेला लावून पाहावे. आणि ज्यांना झिंगा खाल्ल्यावर अंगावर पित्त उठते त्यांनी या रश्श्याच्या वाटेला जाऊ नये, त्यांनी आपले तर्री-पोहेच खावेत.

खानावळ सोमवारी बंद असते. साडेआठनंतर गेलात तर डोक्याचा तुकडा मिळत नाही, नुसता रस्सा मिळतो.